लेझरचा बीम देखणा कसा करायचा: आधी हवा, मग अंधार, वॉट सगळ्यात शेवटी

आजोळच्या स्वयंपाकघराच्या कौलांत एक काचेचं कौल होतं. सकाळी साडेनऊच्या सुमाराला त्यातून कवडसा खाली यायचा आणि चुलीत ओलं लाकूड असलं की तो कवडसा एकदम भरीव व्हायचा, कोणी उजेडाचा तिरका खांब उभा केलाय असं वाटायचं. धूर ओसरला की खांब गेला, जमिनीवर नुसता चौकोनी ठिपका उरायचा. सूर्य तोच, कौल तेच, फक्त मधली हवा बदलली.

लेझरच्या बीमचं सगळं गणित त्या कवडशात आहे. गेली कितीतरी वर्षं मी गणपतीचे देखावे, कॉलेजचं गॅदरिंग, एकांकिका यांची लाईट करतोय आणि दर वर्षी जुलै आला की मंडळातल्या पोरांचा फोन येतो, दादा किती वॉटचं लेझर घेऊ. मी विचारतो धुराचं काय केलंय, मांडव तीन बाजूंनी बंद आहे का, लोक कुठे उभे राहणार, तर पलीकडे सगळं शांत. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. हे बंदिस्त मांडव, हॉल, नाट्यगृह अशा जागांसाठी आहे. मिरवणुकीसाठी नाही, आणि ते का नाही तेही पुढे येईल.

सगळ्यात आधी घरी एक प्रयोग करा, मशीन भाड्याने आणायच्या आधी. १ मिलिवॉटचा साधा लाल पॉइंटर घ्या, कंबरेच्या उंचीवर पुस्तकांच्या ढिगावर आडवा ठेवा, समोर मॅट रंगाची भिंत, आरसा किंवा फ्रेमची काच मधे नको, लहान मुलं खोलीत नकोत. दिवे बंद. भिंतीवर ठिपका दिसेल, मधे काहीच नाही. आता बीमच्या वाटेखाली एक उदबत्ती लावून ठेवा. धुराची दोरी वर चढत बीममधून जाते तेवढ्याच जागी लाल रेघ पेटते, आणि नीट बघितलं तर ती रेघ सपाट नसते, तिच्यात धुराच्या वळ्या, पदर, गाठी सरकत असतात. बीमला जे सौंदर्य असतं ना ते हे, आतलं पोत हललं पाहिजे. मग धूर खोलीभर पसरू द्या, पाच-सात मिनिटांनी तीच रेघ टोकापासून टोकापर्यंत एकसारखी दिसायला लागेल. आता जागा बदलून बघा. आधी पॉइंटरच्या मागे उभे राहा, मग मधोमध बाजूला, मग भिंतीजवळ जाऊन बीमपासून दोन हात लांब उभे राहून तिरकं पॉइंटरकडे बघा, डोळा मात्र बीमच्या रेषेत किंवा उंचीवर कधीच आणायचा नाही. भिंतीजवळून तोच बीम कितीतरी उजळ दिसेल. धुराचे बारीक कण उजेड सगळीकडे सारखा उधळत नाहीत, बराचसा पुढच्या दिशेलाच ढकलतात, म्हणून आपल्याकडे येणारा बीम उजळ आणि बाजूने जाणारा फिका. हे एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिली पायरी: धूर

फॉग मशीन आणि हेझ मशीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि इथेच सगळे चुकतात. फॉग म्हणजे भसकन येणारा जाड ढग. बीम त्या ढगात शिरला की पहिल्या काही फुटांतच सगळा उजेड तिथे संपतो, पांढरा गोळा दिसतो आणि पुढे काही नाही. हेझ म्हणजे पातळ, सगळीकडे सारखा पसरलेला, जवळपास न दिसणारा धूर. आपल्याला हेझ पाहिजे. एका मंडळात मी पोचलो तेव्हा पोरांनी फॉग इतका सोडला होता की गणपतीची मूर्तीच दिसत नव्हती, पुढच्या रांगेतल्या आज्जी पदर नाकाला लावून बसलेल्या, आणि लेझर ऑपरेटर म्हणतोय अजून वॉट वाढवतो. मी मशीन बंद करायला लावलं आणि वीस मिनिटं थांबलो, बाकी काहीही केलं नाही. धूर पातळ झाला आणि त्याच लेझरच्या बारा रेघा छतापर्यंत सुईसारख्या उभ्या राहिल्या.

तर हेझर शो सुरू व्हायच्या वीस-तीस मिनिटं आधी चालू करायचा, अगदी कमी सेटिंगवर, आणि त्याच्या मागे एक छोटा पंखा मंद लावायचा म्हणजे धूर एका जागी साचत नाही. छताचे पंखे आणि एसी बघून घ्या. एसीचा रिटर्न, म्हणजे हवा परत ओढणारी जाळी, ज्या कोपऱ्यात असतो तिथे धूर ओढला जातो आणि बीम त्या बाजूला अर्धवट तुटल्यासारखा दिसतो. फॉग मशीनच हाताशी असेल तर दोन-दोन सेकंदांचे छोटे फवारे, लोकांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून, आणि मधे पुरेसा वेळ. लिक्विड त्या मशीनचंच वापरा, दुसरं काही ओतू नका. हॉलमध्ये स्मोक डिटेक्टर असतो, मॅनेजरला आधी सांगा. आणि दम्याचे लोक, तान्ही बाळं असतील तर त्यांची बसायची सोय दाराजवळ करा, हे सांगायला कोणी येत नाही, आपणच बघायचं.

मांडव चारही बाजूंनी उघडा असेल तर खरं सांगतो, लेझरचा नाद सोडा. वारा धूर टिकू देत नाही, मग लोक वॉट वाढवतात आणि तिथून पुढे डोळ्यांवर येतं.

दुसरी पायरी: बीम कुठून कुठे जाणार

उदबत्तीच्या प्रयोगात दिसलं तसं, बीम प्रेक्षकांकडे येतो तेव्हा सगळ्यात देखणा दिसतो. म्हणून मशीन स्टेजच्या मागे लावायचं आणि बीम प्रेक्षकांच्या डोक्यावरून मागे जाऊ द्यायचे. डोक्यावरून हा शब्द नीट वाचा. अमेरिकेतल्या नियमात लोक जिथे उभे राहू शकतात त्या जमिनीपासून ३ मीटर वर आणि बाजूने २.५ मीटर लांब असं अंतर सांगितलंय, मी तेच पाळतो आणि आपल्याकडे वर अजून मीटरभर वाढवतो, कारण आपल्याकडे बाबाच्या खांद्यावर पोरगं बसलेलं असतं, मागे कट्ट्यावर चढून कोणी बघत असतं, शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत अख्खं कुटुंब उभं असतं.

आता हिशोब बघा म्हणजे मी एवढा का मागे लागतो ते कळेल. अचानक डोळ्यात गेलेला उजेड पापणी मिटेपर्यंत, म्हणजे पाव सेकंद, डोळा सहन करू शकतो त्याची मर्यादा साधारण २.५ मिलिवॉट दर चौरस सेंटीमीटर धरतात. १ वॉटचा बीम मशीनमधून निघतो तेव्हा समजा ५ मिलिमीटर जाड आहे, तर त्याची तीव्रता त्या मर्यादेच्या सुमारे २००० पट भरते. तो बीम पसरत पसरत ५० मीटर लांब गेला आणि साडेपाच सेंटीमीटर जाड झाला तरी मर्यादेच्या १६ पट. लांब आहे म्हणून चालतंय असं काही नसतं. डोळ्याचं भिंग तो सगळा उजेड डोळ्यातल्या पडद्यावर एका टिंबात गोळा करतं, दुखत सुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याच्या चेहऱ्याच्या मधोमध काळा डाग दिसतो. मिरवणुकांतल्या लेझरमुळे डोळे गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदीचा आदेश काढला तो काही उगाच नाही. मिरवणुकीत ट्रॉली हलते, लोक हलतात, उंची सांभाळता येत नाही, धूर टिकत नाही. तिथे लेझर देखणाही दिसत नाही आणि सुरक्षितही राहत नाही, म्हणून मी मिरवणुकीची कामं घेत नाही. बंदिस्त जागेसाठी सुद्धा त्या त्या वर्षीचा पोलिसांचा आदेश आधी वाचा, परवानगी हातात घ्या.

प्रत्येक बीम कुठे संपतो ते चालत जाऊन बघायचं. मागच्या भिंतीवर खिडकीची काच, फ्रेम, पितळी समई, चांदीचं मखर, देखाव्यात चिकटवलेले आरशाचे तुकडे, यातलं काहीही वाटेत आलं तर बीम कुठल्या कुठे उडतो. ५०० मिलिवॉटच्या वरचे सगळे लेझर धोक्याच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गात मोडतात, त्यांचं नुसतं प्रतिबिंबही घातक असतं आणि ते कापड जाळू शकतात. म्हणून शेवट काळ्या पडद्यावर करू नका, मॅट काळा रंग दिलेला पत्रा लावा. मशीनच्या तोंडासमोर खालच्या बाजूला पण एक काळी पट्टी घट्ट बसवा, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं तरी बीम त्या पट्टीखाली येऊच शकत नाही. आणि लाल बटण, इमर्जन्सी स्टॉप, ऑपरेटरच्या हाताखाली, मेन बोर्डाजवळ नव्हे.

तिसरी पायरी: अंधार

याला खर्च शून्य आहे आणि फरक सगळ्यात जास्त पडतो. मांडवातल्या एलईडी माळा, बाहेरचा हॅलोजन, स्पॉन्सरचा पेटलेला बोर्ड, चहावाल्याचा बल्ब, हे सगळं चालू ठेवून लेझर लावला की बीम पाण्यात दूध टाकल्यासारखा पांचट दिसतो. उजेड धुरावर पडतो आणि आख्खी हवाच पांढुरकी होते. त्यामुळे शो आधी तीस सेकंद तरी पूर्ण काळोख द्या (बाहेर जायच्या वाटेवरचे दिवे सोडून, ते कधीच बंद करायचे नाहीत). डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण पहिल्या अर्ध्या मिनिटातही पुष्कळ फरक पडतो. मागे काळा किंवा गडद पडदा असावा, फक्त बीम त्यावर संपू देऊ नका. पांढरा मांडव असेल तर बीम जिथून दिसायचे आहेत तेवढ्या भागाच्या मागे तरी काळं कापड लावा.

चौथी पायरी: रंग

सगळे रंग डोळ्याला सारखे उजळ दिसत नाहीत. (लेझरचा रंग नॅनोमीटरमध्ये सांगतात, ते उजेडाच्या तरंगलांबीचं माप.) दिवसाच्या नजरेला ५५५ नॅनोमीटरचा पोपटी हिरवा सगळ्यात उजळ, त्याला १०० मार्क धरले तर ५३२ च्या हिरव्याला ८८, ५२० च्या हिरव्याला ७१, ६३८ च्या लालला १९, ६५० च्या लालला ११ आणि ४५० च्या निळ्याला जेमतेम ४. म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये हिरवा लालच्या चौपट-पाचपट उठून दिसतो. म्हणूनच स्वस्त मशीनमध्ये सगळीकडे हिरवाच हिरवा. ६५० चा लाल आणि ६३८ चा लाल यात नावाला १२ नॅनोमीटरचा फरक, पण उजळपणात जवळजवळ दुप्पट, तेव्हा भाड्याने घेताना लाल किती नॅनोमीटरचा आहे ते विचारा.

निळ्याचं जरा वेगळं आहे. आकड्यात तो गरीब आहे पण एकदम शुद्ध, गडद रंग डोळ्याला आकड्यापेक्षा जास्त उजळ वाटतात, त्यामुळे निळा बीम वाटतो तितका मागे पडत नाही. शिवाय डोळ्याचं भिंग निळा नीट फोकस करत नाही, लांबून त्याच्या कडा किंचित पुसट, मखमली दिसतात. मला विचाराल तर शांत प्रसंगाला निळ्यासारखा रंग नाही. साध्या स्वच्छ हवेत सुद्धा निळा लालपेक्षा सुमारे चौपट विखुरतो, आकाश निळं दिसतं त्याच कारणाने, पण हेझमध्ये कण मोठे असतात म्हणून तिथे हा फायदा राहत नाही.

एका वेळी दोन रंग पुरे, तिसरा फार तर एखाद्या क्षणापुरता. पांढरा बीम हवा असेल तर तिन्ही रंग एकावर एक बरोबर बसलेत का ते लांबच्या भिंतीवर बघा. बऱ्याच मशीनमध्ये लाल सगळ्यात जास्त पसरतो, मग पांढऱ्या रेघेला एका बाजूने लाल किनार दिसते. जुळणी करायला ऑपरेटरला अर्धा तास द्या, घाई करायला लावू नका. पांढरा जुळवताना लाल वॉट हिरव्यापेक्षा जास्त लागतात हेही लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: रेघ बारीक ठेवा

मोठ्या वॉटचा जाडा पसरट बीम आणि कमी वॉटचा सुईसारखा बीम शेजारी लावले तर लोक सुईकडे बघतात. उजेड कमी असला तरी थोड्या जागेत कोंबलेला, म्हणून तो घट्ट दिसतो. पसरण्याचं माप मिलिरेडियनमध्ये सांगतात. १ मिलिरेडियन म्हणजे दर १० मीटरला १ सेंटीमीटर जाडी वाढणार. आपल्या हॉलसाठी १ च्या आसपास किंवा त्याखाली असलेलं मशीन चांगलं, ३-४ असेल तर मागच्या भिंतीपर्यंत बीमचा पट्टा होतो. जास्त वॉटच्या लाल आणि निळ्या डायोडचा बीम मुळातच गोल नसतो, चपटी पट्टी असते, चांगल्या मशीनमध्ये भिंगं लावून ती सुधारलेली असते.

एक साधी गोष्ट राहून जाते, मशीनच्या तोंडावरची काच. वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेल्या मशीनच्या काचेवर धूळ आणि धुराच्या लिक्विडचा चिकट थर असतो, त्याने प्रत्येक बीमभोवती धुरकट वलय येतं. मशीन बंद करून, प्लग काढून, लेन्स पुसायच्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. दोन मिनिटांचं काम आहे आणि नवीन मशीन आणल्यासारखं वाटतं.

आरशांनी बीम वळवणार असाल तर घरातला आरसा चालत नाही, त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून एक ठळक आणि एक फिका असे दोन बीम निघतात. पुढून मुलामा दिलेला आरसा मिळतो तो घ्या, घट्ट स्टँडवर बसवा. ढोल सुरू झाले की ट्रस, म्हणजे मशीन टांगायचा सांगाडा, थरथरतो आणि वीस मीटरवर बीमचं टोक नाचायला लागतं.

सहावी पायरी: हालचाल

मशीनच्या आत दोन चिमुकले आरसे असतात, गॅल्व्हो, ते बीमला इतक्या वेगाने फिरवतात की आपल्याला आकार दिसतो. ३० के म्हणजे सेकंदाला ३०,००० बिंदू, पण तो आकडा ८ अंशांच्या छोट्या कोनासाठी मोजलेला असतो. तुम्ही कोन ४० अंशांवर नेलात की आरसे दमतात, गोल वाकडा होतो, कोपरे गोलसर होतात, आकार लुकलुकतो. मोठा आकार हवा असेल तर बिंदू कमी करा, चित्र साधं ठेवा.

पंखा, म्हणजे बीम आडवा पसरून केलेली उजेडाची चादर, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. प्रेक्षकांच्या डोक्यावर चार मीटरवर निळी-हिरवी चादर अंथरायची आणि अगदी सावकाश, दहा-बारा सेकंदात, एक हात वर नेऊन परत खाली आणायची, त्या उंचीची मर्यादा सोडायची नाही. हेझ थोडा असमान असला की चादरीत धुराचे भोवरे दिसतात, आपण पाण्याच्या खाली उभे आहोत आणि वर लाटा चालल्यात असं वाटतं. मागे एका हॉलमध्ये हे लावलं तेव्हा सातवी-आठवीतल्या मुलांचा अख्खा गोंगाट थांबला, सगळ्यांच्या माना वर, आणि एका मुलीने हळूच हात वर केला चादर लागते का बघायला. अर्थात एकच बीम अख्ख्या चादरीत वाटला जातो म्हणून ती फिकी पडते. वॉट खरोखर लागतात ते इथे, स्थिर रेघांना नाही. मध्यम हॉलमध्ये हेझ आणि अंधार नीट असेल तर एकेका स्थिर बीमला २००-३०० मिलिवॉट हिरवा भरपूर होतो.

१९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेच्या तारांगणात लेझरियम नावाचा शो सुरू झाला, लोक रांगा लावून बघायचे, तो एका वॉटच्या क्रिप्टॉन लेझरवर चालायचा. घुमटावर आकार काढायचे, हवेत बीम नाही, पण मुद्दा तोच, संगीताबरोबर सावकाश हललेला उजेड.

वेगाबद्दल मी ठाम आहे. बदल समेवर करा, मधल्या मात्रांवर बीम स्थिर राहू द्या. चाळीस बीम एकदम फिरवले की डोळा कुठेच थांबत नाही. एक बीम लावा, दहा सेकंद थांबा, मग दुसरा, मग ते दोघे एका बिंदूत छेदू द्या, तो छेद मूर्तीच्या मुकुटाच्या बराच वर, मागे रिकाम्या काळोखात. मग सगळं बंद. चार सेकंद काळोख. त्या चार सेकंदांत लोक श्वास सोडतात ते ऐकू येतं.

उघड्या आकाशाखाली

आकाशदर्शनाला वांगणीसारख्या ठिकाणी गेलेल्यांनी हिरव्या पॉइंटरची ती रेघ बघितलीच असेल, ५ मिलिवॉटच्या आतला पॉइंटर आणि रेघ थेट व्याधापर्यंत पोचल्यासारखी. तिथे हेझ नसतो, हवेतले रेणू आणि धूळ पुरते कारण डोळे अंधाराला पूर्ण सरावलेले असतात. काळोखात डोळ्याला सगळ्यात उजळ दिसणारा रंग ५०७ नॅनोमीटरकडे सरकतो, म्हणून हिरवा आणखी उठतो आणि लाल पार मरतो. डिसेंबरच्या थंडीत ५३२ चा पॉइंटर मंद पडतो, तो बिघडलेला नसतो, मुठीत धरून ऊब दिली की परत येतो. विमान दिसलं की ताबडतोब बंद, आणि विमानतळाच्या आसपास लावायचाच नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण पण छान आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राने अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेबरोबर रोबो-एओ ही दुर्बिणीला जोडायची यंत्रणा केली, तिच्यातला १० वॉटचा लेझर आकाशात सोडायचे पण तो ३५५ नॅनोमीटरचा, अतिनील, त्यामुळे शेजारी उभं राहिलं तरी माणसाला बीम दिसतच नाही. १० वॉट आणि डोळ्याला शून्य.

व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी

कॅमेरा बीमच्या वाटेत कधीच नको, सेन्सरवर कायमची रेघ उमटते, मोबाईलचाही जातो. बीमच्या उंचीच्या खाली, जरा बाजूला, स्टेजकडे तोंड करून उभे राहा. मोबाईल ऑटोवर ठेवला तर तो काळोख उजळ करायला जातो आणि बीम पांढरे फटक होतात, म्हणून बीमवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि खाली ओढा, रंग परत येतील. चादर किंवा आकार चालू असताना शटर फार वेगात ठेवलं तर अर्धाच आकार येतो, काळे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/२५ किंवा १/५० ठेवून बघा.

रंगीत तालीम प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसून बघा, ऑपरेटरच्या टेबलावरून नाही. पहिली रांग, मधली, शेवटच्या रांगेचा डावा कोपरा, आणि मांडवाच्या दारात उभं राहून. कोपऱ्यातून बीम फिका दिसत असेल तर वॉट वाढवायचे नाहीत, मशीन दहा अंश त्या बाजूला फिरवायचं आणि उंची परत मोजायची.